आमच्या पोरांच्या दाढा सरळ कोण करणार?

"दात वाकडे आहेत म्हणून आजवर कुणी मेलंय का रे?" गेल्या आठवड्यात अंबरनाथ पूर्वेला टपरीवर एका माजी नगरसेवकाने मला हे ऐकवलं. आजूबाजूचे हसले. मी चहा संपवला आणि निघालो. तिथे वाद घालून काही हाती लागणार नव्हतं. वाद इथे घालतो. पोस्ट लांब आहे, आधीच सांगून ठेवतो. ज्यांच्या घरात सहा ते चौदा वयाचं पोर आहे त्यांनी तरी पूर्ण वाचा.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. २०११च्या जनगणनेत उल्हासनगर ५ लाख ६ हजार, अंबरनाथ अडीच लाख, बदलापूर पावणेदोन लाख. म्हणजे तेव्हाच नऊ लाखांच्या वर. त्यानंतर बदलापूरला किती टॉवर उभे राहिले ते सकाळी सातच्या लोकलला फलाटावर उभं राहून बघा, जनगणनेची गरज नाही. एवढ्या वस्तीत पोरांच्या दातांचं काय होतं? माझं निरीक्षण असं की साध्या घरातल्या पोराला दोनच वाटा दिसतात. एक, सरकारी किंवा स्वस्त दवाखान्यात दाढ उपटून मिळते. दुसरी, हप्त्यावर हसू विकत मिळतं. या दोन्हींच्या मधला जो खरा उपचार आहे, दाढ वाचवणं, जागा राखणं, वाकलेली दाढ सरळ करणं, वरचा-खालचा जबडा नीट बसवणं, तो आपल्याकडे "श्रीमंतांचे चोचले" या खात्यात टाकलेला आहे. माझा राग या खात्यावर आहे.

सुरुवात सहा वर्षांच्या दाढेपासून करू, कारण निम्मं रामायण तिथेच घडतं.

पोर सहा वर्षांचं झालं की खालच्या जबड्यात सगळ्यात मागे, दुधाच्या दाढांच्याही मागे, एक मोठी दाढ येते. ही येताना कुठलाही दुधाचा दात पडत नाही. त्यामुळे आईबापाला कळतच नाही की ही कायमची दाढ आहे. "दुधाची आहे, पडेल आपोआप" असं म्हणून तिच्यातल्या खड्ड्याकडे दुर्लक्ष होतं. ही दाढ पडत नाही. हिच्या जागी दुसरी येणार नाही. आयुष्यभराचं चावणं हिच्यावर आहे. एडवर्ड अँगल नावाच्या अमेरिकन डॉक्टराने १८९९ मध्ये दातांच्या बसणीचं जे वर्गीकरण केलं, जे आजही जगभर शिकवतात, ते याच दाढेवर उभं आहे. वरची पहिली दाढ खालच्या पहिल्या दाढेच्या खाचेत बरोबर बसते की पुढे-मागे बसते, एवढ्यावर त्याने तीन वर्ग पाडले. सव्वाशे वर्षांपूर्वी ज्या दाढेला जबड्याचा खुंटा मानलं, ती आपल्याकडे दहाव्या-बाराव्या वर्षी किडून डॉक्टरच्या ट्रेमध्ये पडते.

आणि मग पुढचं कुणी सांगत नाही. दाढ काढली, दुखणं थांबलं, घरी गेलो. पण तोंडातली रिकामी जागा रिकामी राहत नाही. बाराव्या वर्षी आलेली मागची दुसरी दाढ पुढे कलायला लागते. सरळ सरकत नाही, वाकते, वाऱ्याने कलंडलेल्या विजेच्या खांबासारखी. वरची समोरची दाढ आधार नाही म्हणून खाली उतरत येते. कललेल्या दाढेच्या पुढच्या कोपऱ्यात अन्न अडकतं, तिथे ब्रश पोचत नाही, हिरडी सुजते, हाड खाली जातं. पोर एकाच बाजूने चावायला लागतं. काही वर्षांनी तीही बाजू कुरकुरते. उल्हासनगरात राहून ज्याला दालपकवान दोन्ही बाजूंनी चावून खाता येत नाही, त्याला विचारा हे चोचले आहेत का.

माझ्या भाचीचं हेच झालं. तेराव्या वर्षी खालची डावी पहिली दाढ ठणकायला लागली. बहीण तिला आमच्याच भागातल्या एका दवाखान्यात घेऊन गेली. नाव लिहीत नाही, कारण हा एका दवाखान्याचा प्रश्न नाही. डॉक्टर म्हणाले, "रूट कॅनलला खर्च येईल, कॅप वेगळी. काढून टाकू, मुलगी लहान आहे, जागा भरून येईल." भरून येईल! सोळाव्या वर्षी ती जागा अर्धी भरली होती, पण मागची दाढ आडवी कलून. बहिणीने फोन केला, "दादा, आता म्हणतात तिला तार लावायला लागेल, स्क्रू बसवायला लागेल. तेव्हा का नाही सांगितलं?" या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, त्या दवाखान्याकडेही नव्हतं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर डॉक्टर मंडळी मला धरतील. किडलेली पहिली दाढ काढणं दरवेळी चूक नसतं. दाढ वाचण्यापलीकडे गेली असेल आणि पोर साधारण आठ ते दहा वर्षांचं असेल, मागच्या दाढेची मुळं नुकती तयार व्हायला लागली असतील, तर विचार करून, एक्स-रे बघून, पहिली दाढ काढली की दुसरी बऱ्यापैकी तिच्या जागी येऊ शकते. वरच्या जबड्यात हे चांगलं जमतं, खालच्या जबड्यात तितकी खात्री नसते. म्हणजे वेळ महत्त्वाची. पूर्ण जबड्याचा एक एक्स-रे, ज्याला ओपीजी म्हणतात, तो काढून कुणीतरी जाणत्याने बघायला हवा. माझी तक्रार दाढ काढण्याबद्दल नाही. एक्स-रे न काढता, पुढचं न सांगता, फक्त काढण्याबद्दल आहे.

दुधाच्या दाढांचंही असंच. "दुधाची आहे, काढली तर काय बिघडलं?" बिघडतं. दुधाची दाढ खालच्या कायमच्या दाताची जागा धरून बसलेली असते. रुमाल टाकून लोकलची सीट धरतात ना, तसं. ती वेळेआधी गेली की मागची सहा वर्षांची दाढ पुढे सरकते आणि येणाऱ्या दातावर रुमाल फेकून स्वतः बसते. मग तो दात आत अडकतो किंवा बाहेरच्या बाजूने फुटतो. यावर इलाज काय? एक पोलादी कडं आणि तारेचा एक फास. कडं मागच्या दाढेवर बसतं, फास पुढच्या दाताला टेकतो, जागा राहते. याला स्पेस मेंटेनर म्हणतात. ऑपरेशन नाही, भूल नाही, मोठं यंत्र नाही. जिथे दुधाची दाढ उपटायची सोय आहे तिथे हे कडं बसवण्याची सोय हवी, एवढी साधी मागणी आहे.

निसर्गाने तर आपल्याला थोडी शिल्लकही दिलेली असते. खालच्या दुधाच्या दाढा त्यांच्या जागी येणाऱ्या कायमच्या दातांपेक्षा रुंद असतात. त्यातून खालच्या जबड्यात प्रत्येक बाजूला साधारण दोन मिलिमीटर जागा सुटते. बाराच्या आसपास ती जागा तारेने राखली तर पुढच्या दातांची थोडी गर्दी तिथेच मिटू शकते. राखली नाही तर मागची दाढ पुढे येऊन ती खाऊन टाकते. दोन मिलिमीटर ऐकून हसू येत असेल. ज्याने वर्षभर तारा घालून दोन मिलिमीटर मिळवलेत त्याला विचारा.

आता ही कललेली दाढ सरळ कशी करतात ते सांगतो, कारण आपल्याकडे "तार लावली की दात ओढले जातात" एवढंच माहीत असतं आणि त्या अज्ञानावर बरीच दुकानं चालतात.

दात हाडात सिमेंटने बसवलेला नसतो. मुळाभोवती तंतूंची बारीक गादी असते. दाताला हलका, सततचा दाब दिला की ज्या बाजूला दाब येतो तिथलं हाड विरघळतं आणि ज्या बाजूने ताण येतो तिथे नवं हाड भरतं. म्हणजे दात हाडातून ओढून नेत नाहीत, हाडच त्याला वाट करून देतं. हे काम शरीर त्याच्या वेगाने करतं, ढोबळ हिशेब महिन्याला एक मिलिमीटर. घाई करून जास्त जोर लावला तर दात लवकर येत नाही, उलट मुळं झिजू शकतात. "सहा महिन्यांत पूर्ण हसू" असा फलक कुठे दिसला तर हे वाक्य आठवा.

त्यात खालची दाढ हे सगळ्यात हट्टी गिऱ्हाईक. खालच्या जबड्याचं हाड वरच्यापेक्षा घट्ट, दाढेची मुळं मोठी. पहिली दाढ गेल्यावर खालच्या जबड्यात दहा-अकरा मिलिमीटरची फट पडते. ती मागची दाढ पुढे आणून पूर्ण बंद करायची तर महिन्याला अर्धा मिलिमीटर, कधी त्याहून कमी. करा हिशेब. दोन वर्षं सहज जातात. दुसरा मार्ग, दाढ मागे ढकलून सरळ उभी करायची आणि पुढच्या जागेत नंतर खोटा दात बसवायचा. त्यासाठी तारेची स्प्रिंग वापरतात, काही महिन्यांत दाढ उभी राहते. कोणाला कोणता मार्ग हे अक्कलदाढ आहे का, हिरडी कशी आहे, वरची दाढ किती खाली उतरली, वय काय, यावर ठरतं.

या सगळ्यात मोठी अडचण रस्सीखेचीची. दाढ मागे ढकलायची तर जोर कशावर तरी टेकवावा लागतो. पुढच्या दातांवर टेकवला तर तेच पुढे येतात. दाढ सुधारली आणि समोरचे दात बिघडले असं होतं. कित्येक वर्षं डॉक्टर याच्याशी झगडत होते, ओठाच्या आत बंपर, जिभेकडून तार, डोक्यामागून पट्टा, सगळं करून बघितलं. नव्वदच्या दशकानंतर छोट्या टायटॅनियमच्या स्क्रूंनी खेळ बदलला. दीड-दोन मिलिमीटर जाडीचा स्क्रू, आठ-दहा-बारा मिलिमीटर लांब, दाढेच्या मागे किंवा बाहेरच्या बाजूच्या हाडात बसवतात. तो दाताला नाही, हाडाला धरतो. त्यावरून जोर घेतला की पुढच्या दातांना धक्का लागत नाही. खालच्या दाढांची अख्खी रांग मागे न्यायची असली, म्हणजे खालचे दात वरच्यांच्या पुढे चावत असले, तरी दाढांच्या बाहेरच्या हाडातल्या अशाच स्क्रूवरून काही मिलिमीटर मागे नेता येतात. काही मिलिमीटरच. मागे जागा किती हे हाड ठरवतं, जाहिरात ठरवत नाही. आणि काही स्क्रू सैल होऊन निघतातही, पुन्हा बसवावे लागतात. हे आधी सांगणारा डॉक्टर चांगला समजा. काम झाल्यावर स्क्रू काढून टाकतात.

भाचीला हे सगळं मुंबईतल्या एका दंत महाविद्यालयात एका तरुण डॉक्टरने कागदावर रेघा काढून समजावलं. अर्धा तास दिला त्याने. आमच्या गावात तीन वर्षांत कुणी पाच मिनिटं दिली नव्हती.

बसण बिघडण्याचे इतर प्रकार घ्या. खालचा जबडा लहान, वरचे दात पुढे. पोर पडलं की समोरचे दात आधी फुटतात, शाळेत "दात्या" नाव पडतं ते वेगळं. वाढीच्या वयात, अकरा ते तेराच्या आसपास, तोंडात घालायच्या ठोकळ्यांनी खालचा जबडा पुढे घेऊन बसण सुधारता येते. ट्विन ब्लॉक म्हणतात त्याला, विल्यम क्लार्क नावाच्या स्कॉटिश डॉक्टराने १९७७ मध्ये आणला. काढता-घालता येतो, मोठा खर्चिक नाही. उलटा प्रकार, वरचा जबडा मागे आणि खालचा पुढे. त्याला आणखी लवकर, दहाच्या आत धरलं तर चेहऱ्यावरच्या मास्कने फायदा होतो. वाढ संपली की ठोकळेही नाहीत आणि मास्कही नाही. मग राहतं जबड्याचं ऑपरेशन किंवा तडजोड. अमेरिकेतल्या ऑर्थोडॉन्टिस्टांची संघटना म्हणते, सातव्या वर्षी पहिली तपासणी करा. उपचार तेव्हाच करा असं नाही, बघून ठेवा. आपल्याकडे पोरीचं लग्न ठरायला लागलं की दातांची आठवण येते. मुलाच्या दातांची तर तेव्हाही येत नाही.

म्हणजे माजी नगरसेवक साहेब, दात वाकडे म्हणून कुणी मरत नाही हे खरं. पण ज्या आजाराची खिडकी सातव्या ते तेराव्या वर्षात उघडी असते आणि नंतर बंद होते, त्यात तुम्ही आम्हाला "नंतर बघू" सांगता, आणि नंतर बघायला लाखाचा आकडा लागतो.

आता पैसे आणि गाडी. साध्या धातूच्या तारांना आपल्या भागात तीस-चाळीस हजारांपासून पुढे आकडे सांगितले जातात, पारदर्शक साच्यांचे त्याच्या दुप्पट-तिप्पट आणि वर. एमआयडीसीत बारा तास उभं राहणाऱ्याने किंवा कॅम्प पाचमध्ये जीन्सच्या शिलाईवर घर चालवणाऱ्याने ते कुठून आणायचे? मग लोक सांगतात, "मुंबईला जा, तिथे सरकारी आहे." आहे. सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे. दोन्हीकडे एमडीएस शिकणारे-शिकवणारे आहेत, खासगीच्या तुलनेत खर्च फार कमी. या संस्थांबद्दल माझ्या मनात आदर आहे.

पण बदलापूरहून सीएसएमटी ६८ किलोमीटर. जायला दीड तासाच्या वर, यायला तेवढंच, मध्ये रांग. तारांचा उपचार म्हणजे दर चार ते सहा आठवड्यांनी एक फेरी, दीड-दोन वर्षं. मधेच तार टोचली, ब्रॅकेट निघालं, की जादा फेरी. दर फेरीला पोराची शाळा बुडते, आईची किंवा बापाची एक दिवसाची मजुरी जाते, आणि सकाळच्या गाडीत बारा वर्षांच्या पोरीला घेऊन शिरायचं म्हणजे काय हे बदलापूरच्या बायकांना सांगायला नको. उपचार फुकट असला तरी तिथे पोचणं फुकट नाही. चार-सहा फेऱ्यांनंतर लोक जाणं सोडतात. तोंडात तार तशीच राहते, देखरेख नाही, तारेखाली कीड. हे अर्धवट सुटलेले उपचार न केलेल्या उपचारापेक्षा वाईट.

मग या पोकळीत कोण शिरतं? फोनवर जाहिरात येते. घरी माणूस येईल, तोंडाचं स्कॅन करेल, कुरिअरने साचे येतील, हप्ता महिन्याला अमुक. पारदर्शक साचे वाईट नाहीत. जाणत्या डॉक्टरच्या हातात, योग्य केसमध्ये, ते उत्तम काम करतात. रोज वीस-बावीस तास घालावे लागतात ही त्यांची अट. पण दात थोडे तिरपे असणं वेगळं आणि आडवी कललेली खालची दाढ उभी करणं वेगळं. दाढेची मुळं हलवणं हे साच्यांसाठी अवघड कामांपैकी एक. तिथे एक्स-रे लागतो, तोंडात बोट घालून बघणारा डॉक्टर लागतो, मधेच योजना बदलावी लागते.

अमेरिकेत काय झालं बघा. स्माइल डायरेक्ट क्लब नावाची मोठी कंपनी, डॉक्टरच्या खुर्चीला फाटा देऊन थेट घरी साचे पाठवणारी. सप्टेंबर २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, डिसेंबरमध्ये कुलूप. उपचार अर्ध्यावर असलेले गिऱ्हाईक तसेच राहिले, आयुष्यभराची हमी संपली असं कळवलं, आणि हप्तेवाल्यांना सांगितलं की हप्ते मात्र भरत राहा. पुढच्याच वर्षी बाइट नावाच्या दुसऱ्या ब्रँडने विक्री थांबवली. तिकडे ग्राहक कायदा कडक, पत्रकार मागे लागणारे, तरी हे झालं. आपल्या स्टेशन रोडवर झालं तर कोण बघणार आहे?

आणि घरचाही कचरा कमी नाही. दाताच्या दवाखान्याच्या पाटीवर काय लिहिलंय ते लोक वाचत नाहीत. बीडीएस म्हणजे पाच वर्षांचं शिक्षण, इंटर्नशिप धरून. ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणजे त्यावर आणखी तीन वर्षं फक्त दात-जबडा सरकवण्याचं शिक्षण, एमडीएस. साध्या बीडीएस डॉक्टरने साधी केस नीट हाताळली तर माझी हरकत नाही, आमच्याकडे अशी सचोटीची माणसं आहेत आणि मी त्यांच्याकडेच जातो. हरकत आहे ती पाटीवर "तज्ज्ञ" लिहून महिन्यातून एकदा बाहेरचा माणूस बोलावणाऱ्यांवर, ज्याचं नाव पेशंटला कधीच सांगितलं जात नाही. तार लावली एकाने, आवळतो दुसरा, काढतो तिसरा, जबाबदार कुणीच नाही. विशेष पदवी नसताना तज्ज्ञ म्हणवून घेणं दंतवैद्यकाच्या आचारसंहितेत बसत नाही. विचारायला घाबरू नका, "डॉक्टरसाहेब, तुमचा राज्य परिषदेचा नोंदणी क्रमांक काय? तार कोण लावणार? त्यांचं नाव लिहून द्या." दात सरळ करणारा खरा डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही.

फसवणूक झालीच तर हेही माहीत असू द्या. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्ही. पी. शांता खटल्यात पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात आणली. दाताचा दवाखानाही त्यात आला. ठाण्याला जिल्हा ग्राहक आयोग आहे, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. त्यासाठी पावती लागते, एक्स-रे लागतो, उपचाराची लेखी योजना लागते. "कच्च्यात करू, स्वस्त पडेल" म्हणणाऱ्याला आपणच हो म्हणतो, तिथे आपली बाजू संपते.

आता हरकती. मला माहीत आहे खाली काय येणार. "इथे आयसीयूला खाट मिळत नाही, बाळंतिणीला कळव्याला पाठवतात, तुला दातांच्या तारा सुचतात?" हा प्रश्न मी गंभीरपणे घेतो, कारण तो खरा आहे. पण मला एक सांगा, गेल्या वीस वर्षांत कुणी दातांवर पैसा खर्च केला म्हणून आयसीयूची खाट अडली का? पैसा पेव्हर ब्लॉकवर जातो, तेच ब्लॉक काढून पुन्हा तेच बसवण्यावर जातो, चौकातल्या कारंज्यावर जातो. एक भूक दाखवून दुसरी भूक गप्प करायची ही जुनी युक्ती आहे. आणि मी प्रत्येक पोराला फुकट तारा लावा असं म्हणतच नाही. ब्रिटनमध्येही तसं नाही. तिथे सरकारी खर्चाने अठराच्या आतल्यांना तारा मिळतात, पण आधी गरजेची मोजपट्टी लावतात, पाच श्रेणींची. चौथी-पाचवी श्रेणी, म्हणजे ज्यांचं चावणं, हिरडी, जबडा खरंच धोक्यात आहे, ते पात्र. तिसरीतले दिसण्याच्या निकषावर बसले तर पात्र. किरकोळ तिरपेपणावाल्यांनी आपल्या खिशातून करावं. ही पट्टी इथेही लावता येते, त्यासाठी एक जाणता डॉक्टर आणि एक खुर्ची लागते.

दुसरी हरकत, "केंद्राच्या योजना आहेत ना." आहेत. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, शून्य ते अठरा वयाच्या पोरांची अंगणवाडीत आणि शाळेत तपासणी, आणि त्याच्या तीस आजारांच्या यादीत दातांचे आजार लिहिलेले आहेत. फाटलेला ओठ-टाळू पण आहे. कागद उत्तम आहे. पण शाळेत पथक आलं, पोराने "आ" केलं, कार्डावर खूण झाली, त्यापुढे काय? खूण झालेलं पोर कोणत्या खुर्चीवर जाऊन बसतं? तिथे किडलेली सहा वर्षांची दाढ भरली जाते की उपटली जाते? जागा राखायचं कडं बसतं का? मला या साखळीत रस आहे, तपासणी झालेल्या पोरांच्या एकूण आकड्यात नाही.

आणि यंदा हे बोलायला कारण आहे. अंबरनाथला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यातल्या दहा नव्या महाविद्यालयांचं उद्घाटन पंतप्रधानांनी केलं, त्यात आपलं एक. फलक लागले, फटाके वाजले, श्रेयासाठी भांडणं झाली, ठीक आहे, कुणीतरी आणलं ना. आता त्या श्रेयवाल्यांना माझं सांगणं आहे. मुंबईच्या दंत महाविद्यालयातला ऑर्थोडॉन्टिक्सचा एक तज्ज्ञ आठवड्यातून एक दिवस अंबरनाथला बसवा. शनिवार ठेवा, पोरांची शाळा कमी बुडेल. एक ओपीजी यंत्र ठेवा. मुंबईत सुरू झालेल्या केसच्या मधल्या फेऱ्या इथे होऊ द्या, अवघड टप्प्यापुरतं मुंबईला बोलवा. ६८ किलोमीटरच्या पंचवीस फेऱ्यांच्या पाच-सहा होतील. उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथचं छाया, बदलापूरचं दुबे, तिन्ही ठिकाणी निदान दाढा भरणं आणि कडं बसवणं एवढं तरी पक्कं करा. नगरपालिकेच्या शाळेतल्या पहिली-दुसरीच्या पोरांच्या त्या मागच्या दाढांच्या खाचा वेळीच बुजवल्या, सीलंट लावलं, तर पुढच्या दहा वर्षांतल्या स्प्रिंगा आणि स्क्रू कितीतरी वाचतील. शाळेच्या दारात पाच रुपयांची चिकट चॉकलेटं विकणाऱ्याला मात्र मी काही बोलणार नाही, त्याचं पोट आहे त्यावर. शाळेच्या आत जे पगार घेतात त्यांना बोलेन.

येत्या सोमवारी मी तिन्ही रुग्णालयांना माहिती अधिकाराचे अर्ज टाकतोय. दहा रुपयांचं तिकीट, तीस दिवसांची मुदत. विचारलंय एवढंच: गेल्या तीन वर्षांत अठराच्या आतल्या किती मुलांच्या कायमच्या दाढा काढल्या, त्यातल्या किती जणांचा आधी एक्स-रे काढला, किती दाढा भरल्या, किती रूट कॅनल केले, स्पेस मेंटेनर किती बसवले, आणि शाळेच्या तपासणीतून दातांसाठी पाठवलेली किती मुलं प्रत्यक्ष पोचली. दंतचिकित्सकांची मंजूर पदं किती, भरलेली किती, खुर्च्या किती, चालू किती, हेही.

तुमच्या घरात अशी केस असेल, दाढ काढून नंतर पुढचं कुणी सांगितलं नसेल, तर पोराचं नाव आणि दवाखान्याचं नाव खाली लिहू नका. मला इनबॉक्सला वय, कोणत्या बाजूची दाढ, कोणत्या वर्षी काढली, आणि एक्स-रे काढला होता का, एवढं कळवा. रुग्णालयांची उत्तरं आली की तीही जशीच्या तशी इथे टाकेन.